पोत्यावरचा आकडा कुठून आला?



माशाच्या खाद्याच्या पोत्यावर एक आकडा छापलेला असतो. २४, २८, ३२, कधी ४०. प्रोटीन इतके टक्के. आपण भाव विचारतो, आकडा बघतो आणि पोतं टेम्पोत टाकतो. हा आकडा कुणी काढला, कोणत्या माशावर काढला, कोणत्या पाण्यात काढला, हे मी पण कधी विचारलं नव्हतं. विचारायची पाळी आली ती नुकसान झाल्यावर. म्हणून आधी नुकसानीचं सांगतो, मग आकड्याचा इतिहास सांगतो.

आमचं राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात. डोंगराकडंचं गाव. सोयाबीन, कापूस, तूर. पाणी म्हणजे एक तर पाऊस, नाहीतर बोअर. तालुक्यातल्या धरणाचं नावच मासोळी, पण शेतात मासे पाळायचं आमच्या मागच्या पिढीच्या डोक्यात नव्हतं. शेततळी आली तसं आमचंही डोकं तिकडं चालायला लागलं.

२०१७ च्या पावसाळ्यात मी ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात ३ हजार बोटुकली सोडली. रोहू, कटला, मृगळ. दिवाळीपर्यंत वाढ चांगली होती. पुढं पाणी आटायला लागलं तसं मी बोअर चालू करून तळं भरत गेलो. माझ्या बोअरचं पाणी मचूळ आहे. ज्या वावरात ते जास्त दिलं तिथं उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. पण जनावरं ते पाणी पितात, मग माशाला काय होतंय, असं माझं गणित.

फेब्रुवारीत वाढ थांबली. महिन्यानं जाळं टाकून मासे तोलले तर वजन तेवढंच. एकानं सल्ला दिला, प्रोटीन कमी पडतंय, भारी खाद्य चालू करा. मी २४ टक्क्याचं बंद करून ३५ टक्क्याचं आणलं, तेही उधारीवर. मासे खातायत का नाही, हे न बघता रोज तेवढंच टाकत गेलो. एप्रिलात भर दुपारी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. दोन दिवस आम्ही पाट्या भरून मेलेले मासे काढत होतो. खाद्याची ३८ हजारांची उधारी पुढच्या सोयाबीनवर फेडली.

आमच्या पाहुण्यातला एक पोरगा तेव्हा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होता. त्यानं येऊन पाणी तपासलं. दुपारचा पीएच ९. बोअरची ईसी साडेतीन, तळ्याची सहा, म्हणजे लिटरमागं ४ ग्रॅमच्या आसपास क्षार. मला म्हणला, "काका, तुम्ही माशाला नाही, पाण्याला प्रोटीन चारलं." ते वाक्य डोक्यात बसलं. त्यानंच पुढं झेरॉक्स आणून दिले, इंग्रजीतलं वाचून समजावून सांगितलं. त्यातून जे कळलं ते आपल्या भाषेत मांडतोय.

गोष्ट सुरू होते डेन्मार्कात, तीही एका बिअरच्या कारखान्यात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत जेल्डाल नावाचा रसायनतज्ज्ञ होता. बिअरसाठी जे सातू वापरतात त्यात प्रोटीन किती, हे त्याला मोजायचं होतं. १८८३ साली त्यानं एक पद्धत जाहीर केली. धान्य तीव्र आम्लात शिजवायचं, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा आणि तो मोजायचा. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून आलेल्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणायचं, की झालं प्रोटीन. आज आपल्या पोत्यावर जो आकडा आहे तो मुळात याच हिशेबाचा आहे.

इथं पहिली गोष्ट ध्यानात घ्या. तो आकडा नायट्रोजनचा आहे, प्रोटीनचा अंदाज आहे. नायट्रोजन युरियात पण असतो. पेंडीत कुणी युरिया मिसळला तर या तपासणीत प्रोटीन वाढलेलं दिसणार. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाईन मिसळल्याचं प्रकरण झालं, ते याच वाटेनं. नायट्रोजन भरपूर, पोषण शून्य.

दुसरी गोष्ट अमेरिकेत कळली. ऑसबोर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांना मक्यातलं झेन नावाचं प्रोटीन चारलं. पोटभर चारूनही उंदीर वाढेनात. १९१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की त्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन आणि लायसिन हे दोन घटक नाहीत. ते बाहेरून घातले की उंदीर वाढायला लागतात. म्हणजे प्रोटीन किती एवढंच विचारून भागत नाही, कोणतं हे पण विचारावं लागतं. भिंतीला विटा दहा हजार आणल्या आणि सिमेंट आणलंच नाही, तर भिंत उभी राहत नाही, तसं आहे हे.

आता मासे. अमेरिकेत कोलंबिया नदीवर धरणं झाली आणि समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढणाऱ्या सॅमन माशाची वाट अडली. मग हॅचऱ्या काढून पिल्लं वाढवायची पाळी आली. आधी हॅचरीत खाटिकखान्यातलं उरलंसुरलं, काळीज वगैरे बारीक करून चारायचे. पण पिल्लाला नेमकं काय पाहिजे हे कुणाला माहीत नव्हतं. वॉशिंग्टन राज्यात कूक नावाच्या ठिकाणी माशांच्या पोषणाची प्रयोगशाळा होती. तिथल्या जॉन हॅल्व्हर यांनी साध्या सरळ रीतीनं काम केलं. पिल्लांचे गट पाडले. एका गटाला कमी प्रोटीन, दुसऱ्याला थोडं जास्त, तिसऱ्याला अजून जास्त. बाकी सगळं सारखं. काही आठवड्यांनी वजन करायचं. जिथून पुढं प्रोटीन वाढवलं तरी वजन वाढत नाही, तो आकडा म्हणजे गरज.

१९५८ मध्ये डिलाँग, हॅल्व्हर आणि मर्ट्झ या तिघांनी चिनूक सॅमनच्या पिल्लांचा निकाल छापला. ८ अंश थंड पाण्यात ४० टक्के. १५ अंशाच्या पाण्यात ५५ टक्के. मासा तोच, फक्त पाणी बदललं, आकडा बदलला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट हीच आहे. पहिल्याच मोठ्या प्रयोगात आकड्याच्या मागं पाण्याची अट चिकटलेली होती. पोत्यापर्यंत येता येता आकडा राहिला आणि अट गळून पडली.

या तिघांतले मर्ट्झ आपल्या कामाचे आहेत. हेच एडविन मर्ट्झ पुढं मक्याकडं वळले आणि १९६४ मध्ये ऑलिव्हर नेल्सन यांच्याबरोबर जास्त लायसिन असलेला मका त्यांनी शोधला. त्याच्यावरूनच आपल्याकडं १९७१ मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटीना हे मक्याचे वाण आले. माशाचं पिल्लू आणि मक्याचं कणीस, दोन्हीकडं एकच माणूस, एकच प्रश्न.

आपल्या देशात हा प्रश्न उशिरा आला, त्याला कारण आहे. पूर्वी रोहू-कटल्याचं बीज पुराच्या पाण्यात नदीतून धरून आणायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यातच अंडी घालून घेतली. म्हणून १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन पाळतात. तिथून पुढं हॅचरीतून लाखानं मत्स्यजिरे मिळायला लागले. पण लाखानं आलेल्या पिल्लांना नुसत्या तळ्यातल्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर वाढवता येत नाही. वरून चारावं लागतं. १९७१ मध्ये मिश्र मत्स्यशेतीचा देशपातळीवरचा समन्वित प्रकल्प सुरू झाला. तेव्हाचं सगळ्यांना परवडणारं खाद्य म्हणजे शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं निम्मं.

निम्म्या निम्म्याचा हिशेब घरी करता येतो. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन ४० ते ४५ टक्के, कोंड्यात १२ च्या आसपास. सारखं मिसळलं की २६ ते २८. मोठ्या माशाला, तळ्यात नैसर्गिक खाद्य असेल तर, हे भागतं. पण पिल्लाला?

१९७८ मध्ये पी. आर. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कार्पच्या जिऱ्यांपासून बोटुकलीपर्यंतच्या पिल्लांसाठी ४५ टक्के प्रोटीन लागतं असं मांडलं. १९८६ मध्ये रेणुकाराध्य आणि वर्गीस यांच्या कामात कटला आणि रोहूच्या पिल्लांची सगळ्यात चांगली वाढ ३० टक्क्यांवर आली. एकाच जातीचे मासे, एकाच देशातले शास्त्रज्ञ, आणि आकडे ४५ आणि ३०. कुणी खोटं बोललं का? नाही. पिल्लाचं वय वेगळं, प्रोटीन कशातून दिलं ते वेगळं, बरोबर पिठूळ आणि तेल किती दिलं ते वेगळं, पाणी वेगळं. वय तर आपल्याला कोंबडीवरून कळतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला स्टार्टर, विक्रीला आलेल्या पक्ष्याला फिनिशर. पिल्लू रोज आपल्या वजनाच्या मानानं लई झपाट्यानं वाढतं, त्याला अंग बांधायला माल जास्त लागतो. मोठ्याला चालायला-फिरायला ताकद जास्त लागते, ती पिठुळातून आणि तेलातून स्वस्तात मिळते.

आता खाऱ्या पाण्याकडं येऊ, कारण माझं नुकसान तिथलं.

१९८५ मध्ये श्रीलंकेतल्या डी सिल्वा आणि परेरा यांनी तिलापियाच्या पिल्लांवर नेमका हाच प्रयोग केला. चार प्रकारचं पाणी घेतलं: गोडं, आणि लिटरला ५, १० आणि १५ ग्रॅम क्षार असलेलं. प्रत्येकात प्रोटीन कमी-जास्त करून चारलं. गोड्या आणि ५ ग्रॅमच्या पाण्यात सगळ्यात जास्त वाढ सुमारे ३० टक्क्यांवर आली. १० आणि १५ ग्रॅमच्या पाण्यात २८ टक्क्यांवर. पुढं १९८९ मध्ये तैवानात शिआऊ आणि हुआंग यांनी संकरित तिलापिया थेट समुद्राच्या पाण्यात वाढवला, तिथं २४ टक्के पुरले. म्हणजे मी जे केलं त्याच्या उलटं. मी क्षार वाढल्यावर प्रोटीन वाढवलं.

असं का होतं? माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९-१० ग्रॅम मिठाएवढा खारेपणा असतो. गोड्या पाण्यात बाहेरचं पाणी सारखं अंगात शिरतं आणि मीठ बाहेर जातं. मासा दिवसरात्र पाणी बाहेर टाकत असतो आणि कल्ल्यातून मीठ ओढत असतो. त्यात ताकद जाते. बाहेरचं पाणी रक्ताच्या जवळपास आलं की ते काम हलकं होतं. पण हे तिलापियासारख्या खारं सोसणाऱ्या माशाचं झालं. रोहू-कटला हे गोड्या नदीचे मासे. त्यांच्या पिल्लांना लिटरला ४-५ ग्रॅमच्या पुढं त्रास व्हायला लागतो. त्रासातला मासा कमी खातो आणि खाल्लेलं प्रोटीन अंगाला लावण्याऐवजी जाळून टाकतो. त्याला ४० टक्क्याचं घाला नाहीतर ५० चं, तो वाढत नाही. ताप आलेल्या माणसाला बासुंदी वाढल्यासारखं आहे.

दुसरी अडचण अशी की जमिनीतलं खारं पाणी म्हणजे पातळ केलेलं समुद्राचं पाणी नव्हे. दोन्ही जिभेला खारट लागतात, पण आतला माल वेगळा असतो. हे आपल्या देशात हरियाणात चांगलं कळलं. तिथं कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं देऊन भूजल वर आलं, क्षार वर आले, रोहतककडच्या कितीतरी जमिनी पिकायच्या बंद झाल्या. मुंबईच्या वर्सोव्यात १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे आणि तिथं या खाऱ्या भूजलात मासे-कोळंबी वाढवायचं काम चालतं. रोहू आणि गिफ्ट तिलापियाच्या पिल्लांना या पाण्यात प्रोटीन किती द्यावं, याचे प्रयोग याच संस्थेच्या लोकांनी केले.

तिथं पहिली अडचण प्रोटीनची नव्हतीच. ती होती पोटॅशची. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं जवळपास ३८० ते ४०० मिलिग्रॅम पोटॅश असतं, म्हणजे दर ग्रॅम क्षारामागं ११ च्या आसपास. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात ते बहुतेक वेळा फारच कमी भरतं, कारण चिकणमाती पोटॅश धरून ठेवते. अशा पाण्यात कोळंबीचं पिल्लू टाकलं की दोन-चार दिवसांत मरतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हेच दिसलं. उपाय आपल्या ओळखीचा निघाला: म्युरेट ऑफ पोटॅश, तेच आपलं लाल-पांढरं एमओपी. त्यात निम्मं पोटॅशियम असतं. हजार लिटरला १०० ग्रॅम टाकलं की लिटरमागं ५० मिलिग्रॅम वाढतं. कोळंबी आणि खाडीच्या माशांना याची गरज जास्त, रोहू-कटल्याला तेवढी नाही. तेव्हा हे वाचून उगंच तळ्यात पोती ओतू नका.

आपल्या महाराष्ट्रात असं पाणी म्हटलं की पूर्णा नदीचं खोरं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. तिथं पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढायचे, दहिहांड्याकडच्या अशा विहिरींची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसावर हरभरा, कापूस घेतो, कारण विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. आपल्या परभणीत तसा सलग पट्टा नाही. पण बोअर जितके खोल जातायत तितकी मचूळ पाण्याची ठिकाणं सापडतायत. म्हणून हा इतिहास आपल्यालाही लागू आहे.

आता माझे मासे मेले कशानं, ते सांगतो. प्रोटीनमधला नायट्रोजन माशाच्या अंगाला साधारण पाव ते एक तृतीयांशच लागतो. उरलेला अमोनिया होऊन बराचसा कल्ल्यातून पाण्यात येतो, थोडा विष्ठेतून. रोज १० किलो ३० टक्क्याचं खाद्य टाकलं तर त्यात ४८० ग्रॅम नायट्रोजन. त्यातला सव्वातीनशे ग्रॅम पाण्यात. म्हणजे तळ्यात रोज पाऊण किलो युरिया टाकल्यासारखं झालं. खाद्य भारी केलं की हे वाढतं आणि मासा खात नसेल तर सगळंच पाण्यात जातं. पाण्याचा पीएच ७ असेल तर या अमोनियातला शंभरात एक भागसुद्धा विषारी नसतो. पीएच ८ ला पाच-सात भाग. ९ ला चाळीसच्या आसपास. माझ्या बोअरच्या पाण्यात सोडा जास्त, त्यात शेवाळामुळं दुपारी पीएच अजून चढायचा. म्हणून मासे दुपारी वर आले. हवा कमी पडली असती तर ते पहाटे वर आले असते. हा फरक तेव्हा माहीत असता तर मी निदान त्या दिवशी खाद्य बंद केलं असतं.

जेल्डालनं सातूतला नायट्रोजन अमोनिया करून मोजला होता. माझ्या तळ्यानं तेच केलं, फक्त मोजायला मासे लावले.

त्यानंतर मी तीन सवयी लावून घेतल्या. एक, तळं शक्यतो पावसाच्या पाण्यानं भरतो. बोअरचं पाणी सोडायचं तर आधी ईसी बघतो. तळ्याची ईसी पाचकडं चालली की मासे विकायला काढतो, वजन कमी असलं तरी. दोन, खाद्य ताटलीत ठेवून दोरीनं सोडतो. अर्ध्या-पाऊण तासात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करतो. वाढ थांबली तर आधी पाणी तपासतो, पोतं नंतर बदलतो. तीन, हॅल्व्हर यांची पद्धत आपल्या तळ्यात वापरली. जाळीचे चार हापे लावले, प्रत्येकात ५० बोटुकली, प्रत्येकाला वेगळं खाद्य: २४, २८, ३२ आणि ३६ टक्के. दोन महिन्यांनी तोलले. २४ वाले मागं पडले. ३२ आणि ३६ च्या वजनात फरक दिसला नाही. तेव्हापासून मी लहानपणी ३२ चं देतो, मासा पावशेराच्या पुढं गेला की पेंड-कोंड्यावर आणतो. हा माझ्या तळ्याचा, माझ्या पाण्याचा आकडा आहे. तुमचा तुम्हाला काढावा लागेल. चार हाप्यांचा खर्च माझ्या त्या उधारीपुढं काहीच नाही.

शास्त्रज्ञांनी आकडा काढताना मासा कोणता, वय किती, पाणी कसं, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं. पोत्यावर तेवढी जागा नसते. ते आपण विचारायचं. पुढच्या वेळी दुकानात आकडा वाचाल तेव्हा खिशात आपल्या पाण्याचा रिपोर्ट असू द्या. पीएच आणि ईसी, दोन ओळींचा असला तरी चालेल.

राम राम.